सायकल, कॅमेरा आणि सुइदुनचा सौदा

१/
इ. स. १८९२ चा उन्हाळा. चीनच्या पश्चिम टोकाला, रशियाच्या सरहद्दीलगतच्या सुइदुन या गावात दोन अमेरिकन तरुण आपल्या प्रवासाचे ओझे कमी करीत होते. सायकलींची हँडले आणि सीटचे दांडे त्यांनी आखूड केले होते. अंगावरच्या कपड्यांची जादा बटणे कापली होती. डोक्याचे आणि चेहऱ्याचे केससुद्धा भादरून टाकले होते. पुढे गोबीचे वाळवंट होते आणि त्यापलीकडे पेकिंग.

२/
इतके करूनही शिधा ठेवायला जागा पुरेना. तेव्हा दोघांनी आपल्याजवळच्या कॅमेऱ्यांपैकी एक त्याच गावातल्या एका चिनी छायाचित्रकाराला विकला आणि त्याच्या जागी धान्याची एक जादा पिशवी बांधली.

आजचा धागा त्या सौद्याविषयी आहे. सायकलवर निघताना कोणता कॅमेरा बरोबर घ्यावा, हा प्रश्न आज एखाद्या दुकानदाराला विचारण्याजोगा वाटतो. एकेकाळी तो पोटाशी बांधलेला होता.

३/
दोघांची ओळख आधी करून घेऊ. थॉमस गॅस्केल अ‍ॅलन आणि विल्यम लुइस सॅक्टलेबेन. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून जून १८९० मध्ये पदवी घेऊन ते लगोलग इंग्लंडला निघाले. पुस्तकांत वाचलेले जग डोळ्यांनी पाहावे, एवढाच उद्देश. युरोप पालथा घालून १८९०-९१ चा हिवाळा त्यांनी अथेन्समध्ये काढला आणि १८९१ च्या वसंतात कॉन्स्टँटिनोपलहून आशियात पाऊल टाकले. अनातोलिया, अरारत पर्वत, इराण, ताश्कंद, मग चीन. घरी पोचेपर्यंत सायकलवरचे अंतर त्यांनी १५,०४४ मैल मोजले होते.

४/
त्यांच्या निवडीचे महत्त्व कळायचे असेल तर थोडे मागे जावे लागते.

१८५१ नंतर प्रचारात आलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी ती काच धुऊन काढायची. म्हणजे प्रत्येक चित्रासाठी अंधारखोली हाताशी हवी. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांपैकी एक. त्या पिढीतल्या छायाचित्रकाराला गावाबाहेर जायचे तर तंबू, बाटल्या, काचा, तिवई आणि हमाल असा लवाजमा घेऊनच बाहेर पडावे लागे. सायकलवर हे सारे नेण्याची कल्पनाही कोणी केली नसती. तेव्हा सायकलही धड अस्तित्वात नव्हती, हे वेगळे!

५/
याच लवाजम्याला कंटाळलेला एक माणूस पुढे फार मोठा झाला. १८७७ च्या सुमारास रॉचेस्टरच्या एका बँकेतील तरुण कारकुनाने सांतो दोमिंगोच्या सफरीसाठी छायाचित्रणाचे साहित्य विकत घेतले. सफर राहिली बाजूला, पण घोड्यावर लादावे एवढे ते बोजड साहित्य पाहून हे सगळे हलके कसे होईल, या विचाराने त्याला पछाडले. कारकुनाचे नाव जॉर्ज ईस्टमन. आधी त्याने कोरड्या जिलेटिन प्लेटींचा कारखाना काढला, मग काच सोडून गुंडाळता येणाऱ्या फिल्मकडे वळला.

६/
१८८८ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी ईस्टमनने ‘कोडॅक’ बाजारात आणला आणि त्याच वर्षी डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर सेफ्टी’, म्हणजे दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी, आजच्या सायकलीची थेट पूर्वज, तीन वर्षे आधीच आली होती. हलका कॅमेरा, सुरक्षित सायकल आणि धक्के शोषणारे टायर अवघ्या तीन-चार वर्षांत एकापाठोपाठ एक आले. त्यांचा एकमेकांशी ठरवून काही संबंध नव्हता. पण गिऱ्हाईक एकच होते: शहरातला, थोडा पैसा आणि थोडी रजा मिळवणारा, घराबाहेर पडू पाहणारा तरुण मध्यमवर्ग.

७/
त्याच्या जरा आधीचा एक प्रवासी पाहा. थॉमस स्टीव्हन्स १८८४ ते १८८६ या काळात उंच चाकाच्या सायकलवर जगप्रदक्षिणा करून आला. १८८६ मध्ये तो लाहोरहून ग्रँड ट्रंक रस्त्याने कलकत्त्यापर्यंत आपल्या देशातूनही गेला. निघतानाचे त्याचे सामान प्रसिद्ध आहे: मोजे, एक जादा सदरा, तंबूचेही काम देणारा रेनकोट आणि एक पिस्तूल. या यादीत कॅमेरा नाही. त्याच्या ग्रंथात चित्रे पुष्कळ आहेत, पण ती चित्रकारांनी रेखाटून कोरलेली. आपण स्टीव्हन्सचा आशिया पाहतो तो दुसऱ्याच्या हाताने काढलेला.

८/
सहा वर्षांनी निघालेल्या अ‍ॅलन आणि सॅक्टलेबेन यांच्यापुढे मात्र खरा पर्याय होता. काचेच्या प्लेटींचा कॅमेरा घ्यावा की कोडॅक?

प्लेटींच्या बाजूने एक मुद्दा भक्कम होता आणि आज तो सहसा लक्षात येत नाही. त्या काळी बहुतेक चित्रे निगेटिव्हला कागद चिकटवून छापली जात, मोठी करून नव्हे. म्हणून निगेटिव्ह जेवढी, तेवढेच चित्र. मोठे चित्र हवे तर मोठी काच हवी, आणि मोठ्या काचेला मोठी पेटी. चित्राचा आकार आणि सामानाचे वजन यांची गाठ अशी पक्की बसलेली होती.

९/
कोडॅकने ही गाठ कापली नाही, फक्त सैल केली. पहिला कोडॅक म्हणजे साडेसहा इंच लांब, पावणेचार इंच उंच आणि सव्वातीन इंच रुंद अशी एक साधी पेटी. नजर लावायला खिडकी नाही. पेटीच्या माथ्यावर कोरलेल्या रेषांवरून नेम धरायचा. दोरी ओढून शटर सज्ज करायचे, कळ दाबायची, किल्ली फिरवून फिल्म पुढे सरकवायची. एका गुंडाळीवर शंभर चित्रे. चित्र गोल, अडीच इंच व्यासाचे. भिंगाच्या कडेला प्रतिमा बिघडते, म्हणून कडा कापूनच टाकलेल्या. किंमत २५ डॉलर. तेव्हाच्या मानाने ही चैनच होती.

१०/
यात एक मेख होती. शंभर चित्रे संपली की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला पाठवायचा; दहा डॉलर घेऊन कंपनी चित्रे धुऊन, छापून, नवी फिल्म भरून परत करी. घरबसल्या हौशी माणसाला ही सोय सोन्यासारखी वाटली. पण इराणच्या वाळवंटातून न्यूयॉर्क राज्यातल्या कारखान्याला कॅमेरा पाठवणार कसा? उजेडात भरता येण्याजोगी फिल्म १८९१ मध्ये निघाली, तोवर हे दोघे वाटेला लागले होते.

मग त्यांनी काय करावे? रात्री अंथरुणावर पडून, पांघरुणाच्या आत हात घालून, केवळ स्पर्शाने ते फिल्म बदलत. अनातोलियातल्या सराया, इराणी मुसाफिरखाने, तुर्कस्तानी पडव्या, आणि गोधडीखाली चाचपडणारे दोन पदवीधर.

११/
कॅमेरा नेमका कुठे ठेवायचा, हाही वरवर साधा पण मोठ्या हुशारीने सोडवलेला प्रश्न. सायकलच्या चौकटीत बसेल अशी चामडी पिशवी त्यांनी इंग्लंडमध्ये स्वतःच्या कल्पनेने करवून तिचे पेटंटही घेतले होते. तरीही कॅमेरे त्या पिशवीत गेले नाहीत. ते कायम दोघांच्या पाठीवर होते.

कारण उघड आहे. खडकाळ वाटेवर चौकटीला बसणारा प्रत्येक हादरा पेटीतल्या भिंगाला आणि शटरच्या बारीक स्प्रिंगांना थेट पोचतो. पाठीवर असेल तर मधे माणसाचे शरीर असते. गुडघे, कणा आणि खांदे मिळून ते उत्तम स्प्रिंगचे काम करते. पडलो तर काय, हा धोका राहतोच. आजचे सायकलस्वारही हाच हिशेब मांडतात, आणि माझ्या मते अजून तो १८९१ इतकाच अवघड आहे.

१२/
या व्यवस्थेने त्यांनी सुमारे २५०० चित्रे घेतली. बाजार, पूल, घोडेस्वार, सायकल पाहायला जमलेली गर्दी. १८९१ च्या जुलैत ते अरारतवर चढले आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ४ जुलैला, शिखरावर पोचले. १८९४ मध्ये त्यांचे प्रवासवर्णन ग्रंथरूपाने आले. तिवईवर मोठी पेटी मांडून, माणसांना रांगेत उभे करून घेतलेल्या त्या काळच्या चित्रांशेजारी ही चित्रे ठेवा. यातली माणसे हलताहेत, मान वळवताहेत, हसताहेत, संशयाने पाहताहेत. कॅमेरा लहान होता म्हणून समोरच्याला सावरून उभे राहायला वेळच मिळाला नाही.

१३/
आता परत सुइदुनला. तिथे त्या चामडी पिशव्याही गेल्या. त्यांच्या जागी लोकरी शालींच्या आणि चिनी मेणकापडाच्या झोपायच्या थैल्या आल्या. एक कॅमेरा विकला गेला. उरलेली फिल्म जादा सामानासोबत टपालाने रवाना झाली, सैबेरिया आणि क्याख्तामार्गे, पेकिंगला यांची वाट पाहण्यासाठी.

क्षणभर विचार करा. पुढचा टप्पा हा साऱ्या प्रवासातला सर्वांत अपरिचित. चित्रे घ्यायची तर इथेच. आणि नेमक्या याच टप्प्यावर एक कॅमेरा आणि बहुतेक फिल्म ते सोडून देतात! काही लोक याला कचखाऊपणा म्हणतील. मला तो फार शहाणा निर्णय वाटतो. उपाशी प्रवासी चित्र घेत नाही. आणि दोघांत एक कॅमेरा म्हणजे शून्य कॅमेरे नव्हेत. १८९२ च्या नोव्हेंबरात ते पेकिंगला सुखरूप पोचले.

१४/
याच वर्षी दुसऱ्या एका माणसाने याच प्रश्नाचे अगदी उलटे उत्तर दिले होते.

फ्रँक लेन्झ, पिट्सबर्गचा हिशेबनीस. सायकलपटू म्हणून तो नावाजलेला होताच, छायाचित्रकार म्हणून त्याहून अधिक. सायकलवर मोठा कॅमेरा नेऊन त्याने अमेरिकेत लांबलांबच्या सफरी केल्या होत्या आणि तिवईवर कॅमेरा ठेवून, दुरून कळ दाबून स्वतःच स्वतःचे चित्र घेण्याची युक्ती साधली होती. सेल्फीचा जनक वगैरे म्हणण्याचा मोह होतो, तो आवरूया. १८९२ मध्ये ‘आउटिंग’ मासिकाच्या पाठबळावर तो एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. सायकलला हवेचे टायर, पाठीवर मोठी पेटी.

१५/
अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश आणि मग कलकत्त्यापासून कराचीपर्यंत हिंदुस्थान. लेन्झची चित्रे विचारपूर्वक रचलेली असत: देखावा, देखाव्यात सायकल आणि सायकलशेजारी तो स्वतः. मासिकाला अशीच चित्रे हवी होती. अ‍ॅलन आणि सॅक्टलेबेन स्वतःच्या हौसेसाठी फिरत होते. लेन्झच्या चित्रांवर त्याचा प्रवास चालत होता. वजन कमी करण्याची त्याला मुभाच नव्हती, असे म्हटले तरी चालेल.

१६/
१८९४ च्या वसंतात तो तब्रीझहून एर्झुरूमच्या दिशेने निघाला. तिथे तो पोचलाच नाही.

पूर्वी टपालाने पाठवलेली त्याची वर्णने आणि चित्रे मात्र ‘आउटिंग’मध्ये क्रमशः येतच राहिली. वाचक त्याच्याबरोबर चीनमध्ये, हिंदुस्थानात फिरत होते आणि तो स्वतः कुठेच नव्हता. अखेर मासिकाने त्याचा शोध घेण्यासाठी १८९५ मध्ये एक माणूस पाठवला. तो वाट सायकलवरून पाहिलेला, तिथली माणसे थोडीफार जाणणारा असा हवा होता. निवड झाली विल्यम सॅक्टलेबेनची.

१७/
तोवर इकडे बाजार किती बदलला होता, तेही पाहून घेऊ.

१८९५ मध्ये ‘पॉकेट कोडॅक’ आला. किंमत पाच डॉलर, बारा चित्रे, आणि फिल्मला काळा कागद जोडलेला असल्याने ती भर उन्हात भरता येई. मागच्या लाल खिडकीतून चित्राचा क्रमांक दिसे. गोधडी गेली! पण चित्र दीड इंच गुणिले दोन इंच, टपालतिकिटाहून थोडे मोठे. ज्यांना हे पटेना त्यांच्यासाठी दुसरा पंथ होता. सायकलच्या चौकटीवर बांधता येतील अशा पेट्यांत मिटून बसणारे प्लेट कॅमेरे निघाले. नावातच सायकल: ‘सायकल पोको’, ‘सायकल ग्राफिक’. यातला ‘ग्राफिक’ बनवणाऱ्या फोल्मर अँड श्विंग या न्यूयॉर्कच्या कंपनीची गंमत अशी की ती आधी गॅसचे दिवे आणि नंतर सायकलीच बनवीत असे. सायकलीचा बहर ओसरला आणि कॅमेरा टिकला. याच कंपनीचा ‘स्पीड ग्राफिक’ पुढे कित्येक दशके वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांच्या हाती दिसला.

१८/
हिंदुस्थानाशी या पर्वाचा मोठा संबंध आहे तो फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन या अमेरिकन दांपत्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी सिलोन, हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि जावा मिळून १४,००० मैल सायकलवर तुडवले आणि मंदिरे, लेणी, शिल्पे यांची छायाचित्रे घेतली. त्यांचा ग्रंथ १९०४ चा. जड सामान घेऊन नोकर शक्य तेथे रेल्वेने पुढे जाई. रेल्वेच्या जाळ्याने त्यांचा वजनाचा प्रश्न बराचसा सोडवला होता. ही सोय अनातोलियात किंवा गोबीत कोणाला मिळणार?

१९/
आणि आपल्या मुंबईचे सहा पारशी तरुण! १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा जण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगारा या तिघांनी १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परत येऊन सुमारे ७१,००० किलोमीटरची प्रदक्षिणा पुरी केली. त्यांच्या १९३१ च्या ग्रंथाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. आतली छायाचित्रे पाहताना एक जाणवते: तोवर खिशात मावणारे घडीचे कॅमेरे सर्रास झाले होते. ते तिघे घरापासून दूर असतानाच, १९२५ मध्ये, जर्मनीत लायका विक्रीला आला. त्याचा जनक ऑस्कर बार्नाक याला दम्याचा विकार होता आणि रानात भटकताना जड पेटी झेपत नसे. लहान निगेटिव्ह घ्यायची आणि चित्र नंतर मोठे करायचे, या त्याच्या विचाराने आकार आणि वजनाची जुनी गाठ शेवटी सुटली. लायकावर वेगळा धागा होईल, इथे एवढेच.

२०/
सॅक्टलेबेनला आपण १८९५ मध्ये सोडले होते. लेन्झच्या खुनामागे एर्झुरूमच्या अलीकडल्या एका गावातला कुर्द मुखिया आणि त्याचे साथीदार आहेत, असा निष्कर्ष त्याने काढला. लेन्झचा देह सापडला नाही. ऑटोमन अधिकाऱ्यांशी झगडण्यात महिने गेले आणि त्याला एर्झुरूममध्येच राहावे लागले.

३० ऑक्टोबर १८९५ रोजी त्या शहरात आर्मेनियन लोकांची कत्तल झाली. सॅक्टलेबेन तिथेच होता.

२१/
दोन दिवसांनी तो आर्मेनियन दफनभूमीत गेला. बरोबर ब्रिटिश वकिलातीचा एक शिपाई, एक सैनिक, त्याचा दुभाषा आणि एक आर्मेनियन छायाचित्रकार. ओळीने ठेवलेली प्रेते, त्यांच्यासाठी खणले जात असलेले लांब चर, आपली माणसे शोधणारे नातेवाईक. त्या दिवशी तिथे चित्रे घेतली गेली. त्याने लिहिलेले वर्णन लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आले.

चार वर्षांपूर्वी याच मुलखात हा माणूस पाठीवर कोडॅक लावून, सायकलभोवती जमलेल्या पोरांची चित्रे घेत हिंडला होता. त्या गोल चित्रांतले चेहरे आणि १८९५ च्या चरांशेजारचे चेहरे एकाच मुलखाचे आहेत, हे एकदा ध्यानात आले की ती जुनी हसरी चित्रे निश्चिंतपणे पाहता येत नाहीत.

२२/
२५०० पैकी किती उरली? सॅक्टलेबेनच्या सुमारे ४०० निगेटिव्ह आज लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. फिल्म नायट्रेटची. ती काचेसारखी फुटत नाही, पण आग पटकन धरते आणि वर्षांगणिक पिवळी, चिकट, ठिसूळ होत जाते. ज्या हलकेपणासाठी ती निवडली, त्याची किंमत अशी पुढे चुकवावी लागली. तरी काही गोल चित्रे अजून स्वच्छ दिसतात. १८९१ च्या अनातोलियातल्या त्या चित्रांचे प्रदर्शन २०१४ मध्ये त्याच विद्यापीठाच्या फाउलर संग्रहालयात भरले होते.

सुइदुनला विकलेला कॅमेरा मात्र तिथेच राहिला, त्या चिनी छायाचित्रकाराच्या दुकानात.

(धागा समाप्त)